देवाचा सोनार : संत नरहरी
(बी. ए. द्वितीय वर्ष, मराठी)

गेल्या वर्षी वर्गात म्हणींचा पाठ चालू असताना एक म्हण निघाली. सोनार, शिंपी आणि कुलकर्णी या तिघांची संगत धरू नये, असे ती म्हण यमक जुळवून बजावते. वर्ग हसला, मीही हसले. हसता हसता दोन-चार माना माझ्याकडे वळल्या. माझे वडील लातूरच्या गंजगोलाईमागे एका बोळात काय काम करतात, हे माझ्या मैत्रिणींना ठाऊक आहे. तास संपला, दुसरा सुरू झाला, आणि बाकीच्यांनी ती म्हण वहीत उतरवून घेतली. माझ्या मनातून मात्र ती जाईना.

दोन दिवसांनी एक गोष्ट ध्यानात आली आणि माझे मलाच आश्चर्य वाटले. म्हणीतला शिंपी म्हणजे कोण? नामदेव शिंपीच होते. त्यांची नरसी आपल्या नांदेडपासून फार लांब नाही, हिंगोलीजवळच आहे. त्यांची 61 पदे शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात आहेत आणि नांदेडच्या हुजूर साहिबमध्ये त्या ग्रंथापुढे लाखो लोक माथा टेकवतात. कुलकर्णी म्हणावे, तर पैठणजवळच्या आपेगावचे कुलकर्णीपण ज्ञानदेवांच्या घराण्याकडे होते. आणि सोनार? सोनार म्हणजे नरहरी. ज्यांची संगत नको म्हणून म्हण सांगते, ते तिघेही एकाच काळात, एकाच पंढरपुरात, एकाच देवाच्या पायाशी आले. पहिल्या दोघांवर आपल्या ग्रंथालयात कपाट भरेल इतकी पुस्तके आहेत. तिसऱ्याच्या वाट्याला संतांच्या यादीतली एक ओळ आणि करदोड्याची कथा येते. म्हणून या अंकासाठी मी तिसऱ्यावर लिहावयाचे ठरविले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. संतवाङ्मयावर अधिकाराने लिहिण्याइतका माझा अभ्यास नाही. परंतु सोनाराचे दुकान मी जन्मापासून पाहिले आहे, आणि तेवढ्या भांडवलावर हे धाडस करीत आहे.

नरहरी सोनार पंढरपूरचे. काळ तेराव्या शतकाच्या अखेरीचा आणि चौदाव्याच्या आरंभाचा. देवगिरीवर रामदेवराव यादवाचे राज्य होते. याच राजाच्या कारकिर्दीत, शके 1195 म्हणजे इ. स. 1273 पासून पुढे चार वर्षे, विठ्ठलाच्या देवळासाठी ज्यांनी ज्यांनी दान दिले त्यांची नावे दगडावर कोरली गेली. चौऱ्याऐंशीचा शिलालेख म्हणून तो आजही प्रसिद्ध आहे. त्यावरून दिसते की पंढरपुरात देवासाठी पैसा सोडणारे सधन लोक होते, आणि जिथे असे लोक असतात तिथे सोनाराला काम असते. पुढे 1296 मध्ये अल्लाउद्दीन खिलजीने देवगिरीवर चाल केली आणि मणावारी सोने लुटून नेले. सोन्याची एवढी उलथापालथ ज्या काळात झाली, त्याच काळात हा एक सोनार गुंजांच्या हिशेबाने आपली उपजीविका करीत होता.

गुंज हा शब्द आजच्या मुलामुलींस नीट माहीत नसेल, म्हणून थोडे विषयांतर करते. रानात एक वेल असते. तिच्या शेंगेतून लालभडक, डोक्यावर काळा ठिपका असलेले बी निघते. तीच गुंज. आठ गुंजांचा एक मासा आणि बारा माशांचा एक तोळा, म्हणजे तोळ्यात शहाण्णव गुंजा. ग्रॅमच्या हिशेबात तोळा साडेअकरा ग्रॅमच्या थोडा वर भरतो. सोन्यासारखी मोलाची वस्तू रानातल्या वेलीच्या बीने तोलावी, यात आम्हाला कधी नवल वाटले नाही, कारण आमच्या धंद्यात सगळेच रानातून आणि शेतातून आलेले आहे. जोंधळी पोतीचे मणी ज्वारीच्या दाण्याएवढे, बोरमाळेचे बोराएवढे. चंपाकळी ही चाफ्याची कळी, बकुळीहार हा बकुळीच्या फुलांचा. साजात कारले येते, कासव येते, बेलपान येते. बायकांच्या पायाच्या बोटात चांदीची मासोळी, वेणीत केवडा आणि नाग, लहान लेकराच्या कपाळावर पिंपळपान, आणि कोयरी तर जिथे जागा मिळेल तिथे. आमच्या भागात पाणी कमी आणि ज्वारी जास्त. म्हणूनच की काय, आईच्या गळ्यात सोन्याचेही धान्यच होते. होते असे म्हणते, कारण माझ्या बारावीनंतरच्या प्रवेशाच्या वेळी ती पोत मोडली. सोनाराच्या बायकोची पोत सोनारानेच आटवली. त्याविषयी घरात कोणी बोलले नाही.

हे दागिने घडतात कसे, तेही थोडक्यात सांगते, म्हणजे पुढची कथा समजेल. सोन्याची तार जंत्रीच्या भोकातून ओढून बारीक करतात. ती तार कातरीने टिचभर तुकडे करून कोळशाच्या भुकटीवर ठेवतात आणि फुंकणीने आच देतात. तुकडा वितळला की आपणहून गोळा होतो. आम्ही त्याला रवा म्हणतो. त्याला गोल कोणी करीत नाही, सोन्याचा तो स्वभावच आहे. मोठा मणी मात्र दोन वाट्या जोडून, डाक देऊन करतात. तो आतून पोकळ असतो आणि त्यात लाख भरतात. बोरमाळ हातात घेतली की दिसते तितकी जड लागत नाही, याचे कारण हे. आणि नेमके इथेच गिऱ्हाइकाचा सोनारावर संशय सुरू होतो.

नरहरींच्या घरी हाच व्यवसाय होता आणि हातही चांगला होता. त्यांची ख्याती दोन गोष्टींसाठी होती. एक म्हणजे घडाई. दुसरी म्हणजे त्यांचा हट्ट. ते कट्टर शिवभक्त होते. पंढरपुरातल्या मल्लिकार्जुनाच्या देवळात त्यांची नित्य पूजा असे. शंकराखेरीज दुसऱ्या देवाचे मुख पाहावयाचे नाही, हा त्यांचा नेम होता. आता पंढरपुरात राहून विठ्ठल पाहावयाचा नाही म्हणजे केवढे कठीण! सारे गाव त्या देवाभोवती वसलेले, वाटेने जाणारा प्रत्येक माणूस त्याच्याकडे निघालेला. परंपरा सांगते की विठ्ठलाच्या देवळाचा कळससुद्धा दृष्टीस पडू नये म्हणून ते मान खाली घालून चालत. गंमत अशी की त्यांचे स्वतःचे नाव नरहरी, म्हणजे साक्षात विष्णूचे. आईबापांनी हे नाव का ठेवले असेल, याचा मी पुष्कळ विचार केला. कोणी हाक मारली की रोज विष्णूच्या नावाला ओ द्यावी लागत असेल.

या हट्टाला मी हसणार नाही. आमच्या लातूर-नांदेडकडे शिवभक्ती किती खोल आहे, हे सांगावयास नको. लातूरला सिद्धेश्वर आहे, हिंगोलीकडे औंढ्या नागनाथ आहे, लोह्याजवळ माळेगावचा खंडोबा आहे, आणि गळ्यात लिंग धारण करणारी कितीतरी घरे आमच्या शेजारी आहेत. एकनिष्ठा म्हणजे काय, हे ही माणसे पाहिली की कळते. परंतु एकाला धरण्यासाठी दुसऱ्याकडे पाठ फिरवलीच पाहिजे का, हा प्रश्न नरहरींच्या चरित्रात आहे. तो त्यांना कोण्या शास्त्र्याने विचारला नाही. तो त्यांच्या धंद्यातूनच त्यांच्यापुढे आला.

महिपतींनी शके 1684 मध्ये, म्हणजे 1762 साली, भक्तविजय हा ग्रंथ पूर्ण केला. त्यात आणि कीर्तनांतून ही कथा घरोघर गेली. एका सावकाराला मूल नव्हते. त्याने विठ्ठलाला नवस केला की पुत्र झाला तर देवाच्या कमरेला सोन्याचा करदोडा घालीन. पुत्र झाला. चांगला कारागीर कोण म्हणून चौकशी केली, तर गावाने नरहरींचे नाव सांगितले. नरहरींनी काम घेतले, पण देवळात येऊन माप घ्यावयास साफ नकार दिला. माप तुम्हीच आणून द्या म्हणाले. सावकाराने देवाच्या कमरेचे माप आणून दिले. नरहरींनी करदोडा घडवला, सावकाराने तो नेऊन देवाला घातला, तर तो मापाला बसेना. परत आणला. नरहरींनी दुरुस्त केला. पुन्हा नेला, तर पुन्हा चुकला. एकदा सैल, एकदा आखूड.

कीर्तनकार हा भाग दोन वाक्यांत उरकतात, कारण त्यांना पुढच्या चमत्काराकडे जावयाचे असते. मला मात्र इथेच थांबावेसे वाटते. करदोडा सैल झाला म्हणजे कड्या काढाव्या लागतात. जिथे कापले तिथे पुन्हा डाक द्यावा लागतो, पुन्हा आच, पुन्हा उजळणे, आणि प्रत्येक वेळी थोडी तूट येते. आखूड झाला तर त्याहून वाईट. नवे सोने घालावयाचे तर त्याचा कस जुन्याशी जुळला पाहिजे, नाही तर कसोटीच्या दगडावर दोन रंगांच्या रेघा उमटतात. आणि या सगळ्यापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे गिऱ्हाइकाची नजर. माप दोनदा चुकले म्हणजे पहिला विचार गिऱ्हाइकाच्या मनात काय येतो? सोनाराने सोने खाल्ले. आखूड कसा झाला, बाकीचे कुठे गेले? नरहरींना सावकाराने असे विचारले, असे कथेत नाही. पण आमच्या दुकानात असे विचारलेले मी ऐकले आहे. एका प्रतिष्ठित घरच्या बाईंनी पाटल्या मोडून गोठ करावयास दिले होते. वजनात दोन गुंजांचा फरक आला. तो तुटीचा होता, पण बाईंनी बोळ गोळा केला. बाबांनी वाद घातला नाही. स्वतःजवळचे सोने काट्यावर टाकले आणि बाईंना वाटेस लावले. त्या रात्री ते जेवले नाहीत. मी तेव्हा सातवीत होते.

तेव्हा नरहरींची त्या दुसऱ्या खेपेनंतरची रात्र कशी गेली असेल, याची कल्पना मला करता येते. भक्त म्हणून त्यांना काही वाटले असेल की नाही, ते मी सांगू शकत नाही. कारागीर म्हणून मात्र त्यांची झोप उडाली असणार. आपले माप चुकत नाही, ही ज्याची आयुष्यभराची ओळख, त्याच्याच हातून तीच वस्तू दोनदा चुकावी! म्हणून ते शेवटी देवळात जावयास तयार झाले. माझे असे मत आहे की त्या दिवशी त्यांना विठ्ठलाकडे नेले ते त्यांच्या कामाने, अजून भक्ती तिथवर आली नव्हती. आमच्या सरांना हे मत पटेल की नाही, ठाऊक नाही.

तयार झाले, तेही अटीवर. डोळ्यांवर पट्टी बांधून येईन, हाताने चाचपून माप घेईन. तसे ते गेले. गाभाऱ्यात हात पुढे केला. बोटांना लागले ते पाच मुखे, दहा हात, गळ्यात सर्प, मस्तकावर जटा, कमरेला व्याघ्रांबर. हा तर आपला शंकर! त्यांनी घाईने पट्टी काढली. समोर विठ्ठल, विटेवर उभा, कानात मत्स्याकार कुंडले, कर कटेवर. पुन्हा पट्टी बांधली, पुन्हा हात लावला, पुन्हा शंकर. पट्टी काढली की विठ्ठल. असे होता होता त्यांच्या मनातली भिंत पडली. डोळे उघडे ठेवून त्यांनी माप घेतले आणि करदोडा अचूक बसला. विठ्ठलाने मस्तकी शिवलिंग धारण केले आहे, ही वारकऱ्यांची धारणा आहेच. नरहरींना ते डोळ्यांच्या आधी हातांना कळले.

डोळ्यांनी न कळणारे हातांना कळावे, ही गोष्ट शिकलेल्या माणसाला चमत्कार वाटेल. मला ती तितकीशी अशक्य वाटत नाही. त्याचे कारण आमच्या आबांचे, म्हणजे माझ्या आजोबांचे. ते मी पाहिलेले नाही, बाबांकडून ऐकलेले आहे.

आमचे मूळ गाव औसा तालुक्यात, किल्लारीकडचे. आबा तरुण असताना, 1963 च्या जानेवारीत, सरकारने सुवर्ण नियंत्रण आणले. चौदा कॅरेटपेक्षा चोख सोन्याचा नवा दागिना घडवावयास बंदी झाली. देशभर सोनारांच्या भट्ट्या विझल्या, कित्येकांनी जीव दिला. पुढे ते नियम सैल झाले, 1968 मध्ये त्याचा वेगळा कायदा झाला आणि तो 1990 मध्ये रद्द झाला. पण मधल्या काळात आबांनी खांद्यावर पोतडी टाकून बाजार धरले. चांदीचे टाक, जोडवी, मासोळ्या करीत. माळेगावच्या जत्रेला जात. मिळाले तर सोन्याचे डागडुजीचे काम घेत. लातूर-कुर्डुवाडी ही गाडी तेव्हा लहान रुळांची होती. तिच्यातून ते वर्षातून एकदा पंढरपूरला जात.

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे भूकंप झाला. आदल्या दिवशी गणपती बोळवून लोक दमून झोपले होते. दगड-मातीच्या जाड भिंती अंगावर आल्या आणि हजारो माणसे गेली. आबा, आजी आणि बाबा अंगणात झोपल्यामुळे वाचले. पुढे पत्र्याच्या शेडमध्ये राहत असताना लोक आबांकडे येऊ लागले. ढिगाऱ्यातून निघालेले दागिने घेऊन येत. बोरमाळ चपटी झालेली, मण्यातली लाख फुटून बाहेर आलेली, डोरल्याची एक वाटी गायब. सापडले एकाच्या पडक्या घरात, पण दोन घरांची माती एकमेकांत मिसळलेली. कोणाचे कोणाला द्यावयाचे? आबांची जवळची नजर तेव्हा अधू झाली होती. चष्मा ढिगाऱ्यात गेला होता. ते डाग हातात घेत, अंगठ्याने चाचपत, आणि सांगत की हा अमक्या घरच्या थोरल्या सुनेचा, हा त्यांच्या लेकीच्या लग्नातला. डाक कुठे दिला आहे, कडी कशी वळवली आहे, यावरून त्यांना आपला हात ओळखू येई. स्वतः घडवलेली वस्तू त्यांना डोळ्यांनी पाहावी लागत नसे. लोक मुकाट्याने घेऊन जात. त्या महिन्यात सोनारावर कोणी संशय घेतला नाही.

त्यातच एक पिंपळपान आले. लहान लेकराच्या कपाळावर बांधतात ते, पातळ पत्र्याचे. खरे पान पुढे ठेवून आबा त्याच्या शिरा कोरीत, मधली शीर आणि दोन्ही बाजूंना सात-सात. हात लावताच आबांनी घर ओळखले. पण त्या घरी न्यावयास कोणी उरले नव्हते. त्या घराण्याच्या नातलगांना निरोप गेले. कोणी आले नाही. आबांनी ते एका डबीत घातले आणि वहीत नाव, तारीख व वजन लिहून ठेवले.

आता पुन्हा नरहरींकडे येते. विठ्ठलदर्शनानंतर ते वारकरी झाले, नामदेवांच्या मेळ्यात मिसळले. तेरचे गोरा कुंभार, अरणचे सावता माळी, चोखामेळा, सेना न्हावी अशी ती कष्टकऱ्यांची मांदियाळी होती. नरहरींनी शंकराला सोडले नाही आणि धंदाही सोडला नाही. ही दुसरी गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. देव भेटला म्हणून त्यांनी बागेसरी विझवली नाही. उलट त्यांच्या नावावरचा जो अभंग सर्वांत प्रसिद्ध आहे, तो जवळजवळ सोनाराच्या दुकानाची यादीच आहे. त्यात ते देवाला आपण त्याचे सोनार असल्याचे सांगतात. देह ही बागेसरी, म्हणजे शेगडी. तीन गुणांची मूस. विवेकाचा हातोडा, त्याखाली कामक्रोधाचा चुरा. ज्ञानाचा तराजू. शेवटी खांद्यावर पोतडी घेऊन ते पैलतीराला उतरतात. आबा खांद्यावर टाकीत, तीच पोतडी.

पण त्या यादीत एक जागा अशी आहे की मी ती प्रथम लक्षपूर्वक वाचली तेव्हा पुस्तक मिटून बसले. तिथे कातरी येते. मनाची आणि बुद्धीची कातरी. आणि त्या कातरीने हा सोनार काय करतो? चोरी करतो. रामनामाचे सोने चोरतो. सातशे वर्षांपूर्वी लोक सोनाराला काय म्हणत होते, हे नरहरींना पक्के ठाऊक होते. त्यांनी तो आरोप नाकारला नाही, रागावले नाहीत, शपथा घेतल्या नाहीत. हो, मी चोर आहे, असे देवासमोर कबूल केले आणि चोरीचा माल काय तो दाखवला. वर्गातल्या त्या म्हणीला याहून चांगले उत्तर मला सुचले नसते. बाबांना मी हे वाचून दाखवले. ते तार ओढत होते. ऐकून हसले आणि जंत्री बाजूला ठेवून पुन्हा एकदा वाचावयास सांगितले. बाबा सातवी शिकलेले. अभंग त्यांना लहानपणापासून पाठ होता, भजनात म्हणतात. पण त्यात आपल्यावरचा आरोप आहे, हे त्यांच्या कधी लक्षात आले नव्हते, असे ते म्हणाले.

नरहरींनी पंढरपुरातच देह ठेवला आणि त्यांची समाधीही तिथेच आहे. माघ वद्य तृतीयेस त्यांची पुण्यतिथी सोनार समाज गावोगाव पाळतो. लातुरात पाळतात, नांदेडच्या सराफ्यात माझे मामा कारागीर आहेत, तिकडेही पाळतात. मामा सांगतात की आता यंत्रावर ओतलेला तयार माल शहरांतून येतो, हातघडीचे काम मागणारे थोडे राहिले. जोंधळी मणीसुद्धा साच्यातून निघतात, सगळे एकसारखे. 2021 पासून हॉलमार्कची सक्ती सुरू झाली. त्यामुळे सोन्याच्या कसाविषयीचा संशय थोडा कमी झाला, असे बाबा म्हणतात. संशय कमी झाला हे बरेच झाले. घडणावळ मात्र वाढली नाही.

पुण्यतिथीला आमच्याकडे दुकान बंद असते. ऐरण, हातोडी, फुंकणी, मूस, जंत्री, कातरी सारे धुऊन पुसून पाटावर मांडतात, हळदकुंकू वाहतात. वर्षभराच्या केराची पोती बाजूला काढून ठेवतात. झारेकरी येऊन तो केर विकत नेतो आणि धुऊन त्यातले सोन्याचे कण काढतो. संध्याकाळी भजन होते. आणि भजनाच्या आधी बाबा पेटीतून ती डबी काढतात. आबांनी मरताना तेवढेच एक काम त्यांच्यावर सोपवले होते. जुना हाताचा तराजू घेऊन एका पारड्यात ते पिंपळपान ठेवतात, दुसऱ्यात गुंजा.

यंदा तराजू त्यांनी माझ्या हातात दिला. माझा हात थोडा हलत होता, म्हणून काटा स्थिरावण्यास वेळ लागला. सहा गुंजा भरल्या. बाबांनी वहीत त्या दिवसाच्या तारखेपुढे सहा लिहिले. त्याच्या वरच्या ओळीत सहा होते, त्याच्याही वर सहा, आणि पान उलटल्यावर आबांच्या अक्षरातले सहा. मग त्यांनी डबी बंद केली आणि मला टाळ आणावयास सांगितले.